प्रत्यारोपणाची चिठ्ठी : अध्यक्षीय भाषण



मूत्रपिंडविकाराच्या उपचारांचा आढावा घ्यावा, अशी संयोजकांची सूचना होती. थोडक्यात घेतो. १९७१ मध्ये वेल्लोरला देशातलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण झालं. १९९४ मध्ये अवयव प्रत्यारोपणाचा कायदा आला. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला आणि जिल्हा रुग्णालयांत गरिबाला मोफत डायलिसिस मिळू लागलं. पूर्वी परंड्याचा, उमरग्याचा रुग्ण सोलापूरच्या वाऱ्या करून थकायचा. आज त्याला घराजवळ मशीन मिळतं. हे जिल्ह्यातल्या डॉक्टर, परिचारिका आणि डायलिसिस टेक्निशियन यांच्या, म्हणजे तुमच्या कष्टांचं फळ आहे.

आढावा इथेच थांबवतो, कारण बरीच वर्षं मनात असलेली एक गोष्ट आज बोलायची आहे.

आपण दरवर्षी किती डायलिसिस केली, हे छातीठोकपणे सांगतो. सरकारी कार्यक्रमात पैसेही दर डायलिसिसमागे मिळतात. पण ज्यांची किडनी बदलता आली असती अशा किती जणांना आपण चिठ्ठी देऊन प्रत्यारोपण केंद्राकडे पाठवलं? हा आकडा मला आपल्याकडच्या एकाही अहवालात दिसलेला नाही. आणि जे मोजलं जात नाही, त्याबद्दल कोणाला जाब विचारायचा?

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात ३०८ डायलिसिस केंद्रांची अशी मोजणी झाली, ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. डायलिसिस सुरू झाल्यापासून वर्षभरात किती रुग्णांना प्रत्यारोपणासाठी पाठवलं, एवढाच प्रश्न होता. मधल्या केंद्राचा आकडा निघाला सुमारे २४ टक्के. काही केंद्रांनी एकालाही पाठवलं नव्हतं, तर वरचं टोक होतं ७५ टक्के. राज्य एक, कायदा एक. एवढी तफावत केवळ रुग्णांच्या आजारामुळे पडली, हे मला पटत नाही. ती केंद्राच्या सवयीमुळे पडते.

सकाळच्या चर्चेत काही सहकारी म्हणाले, चिठ्ठ्या मोजून काय साधणार? प्रतीक्षा यादीत किती नावं गेली ते मोजा. मी याच्याशी सहमत नाही. यादीत नाव जातं ते प्रत्यारोपण केंद्रामार्फत. तपासण्या तिथे होतात, निर्णय तिथे होतो. डायलिसिस केंद्राच्या हातात असते ती पहिली पायरी, आणि आपली परीक्षा आपल्या हातातल्या कामावरच व्हायला हवी.

उमरगा भागातला एक ट्रॅक्टरचालक माझ्याकडे दम लागतो म्हणून आला. दुसरीकडच्या एका केंद्रात त्याचं डायलिसिस वर्षानुवर्षं चालू होतं. सोबत थोरली बहीण. त्याला आत घेतल्यावर तिने मला व्हरांड्यात गाठलं. “डॉक्टरसाहेब, माझी किडनी ह्याला बसंल का?” दर खेपेला तीच त्याला घेऊन जायची, मशीन थांबेपर्यंत बाहेर बाकावर बसायची. हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता, तिचा कोणी ऐकूनही घेतला नव्हता. फाइल मी चाळली. वजन, रक्तदाब, हेपॅरिन, सगळं नीट लिहिलेलं. प्रत्यारोपणाबद्दल एक ओळ नाही. दोघांचा रक्तगट एकच निघाला. पण हिमोग्लोबिन घसरलं की त्याला रक्त चढवलं जाई, त्यातून अँटिबॉडी तयार झाल्या होत्या आणि क्रॉसमॅच जुळली नाही. प्रतीक्षा यादीत नाव लागलं, आणि यादीत असतानाच तो गेला. पहिल्या वर्षी न मिळालेल्या एका चिठ्ठीची किंमत मी तिथे पाहिली. मला कोणी टक्केवारी शिकवू नये.

दुसरा आक्षेप नेहमीचा: “आपल्या लोकांना परवडत नाही.” हे कोण ठरवणार? कळंबच्या एका शेतमजूर बाईबद्दल तिच्या डॉक्टरांनी हे परस्पर ठरवून टाकलं होतं. तिच्या आईने किडनी दिली, शस्त्रक्रिया सरकारी आरोग्य योजनेतून झाली, ती आज खुरपायला जाते. महात्मा फुले योजनेत प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. नंतरच्या औषधांचा खर्च जन्मभराचा आहे आणि तो जड आहे, हे मी नाकारत नाही. पण तो हिशेब रुग्णासमोर मांडा. त्याच्या वतीने नकार देऊ नका.

बायकांची मोजणी वेगळी हवी, असं माझं ठाम मत आहे. देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि अवयव मिळणाऱ्यांत बहुसंख्य पुरुष. नवऱ्यासाठी बायको पुढे येते. बायको मशीनवर असली की घरात शांतता पसरते. अशा घरी डॉक्टरनेच तोंड उघडायला हवं.

मोजायचं कसं? ज्याने नव्याने डायलिसिस सुरू केलं, तो प्रत्येक जण हिशेबात धरावा. पसरलेला कॅन्सर किंवा फार दुबळं झालेलं हृदय असेल तर तसं कारण लिहून वेगळं काढावं, म्हणजे म्हाताऱ्या, अवघड रुग्णांना सांभाळणाऱ्या केंद्रावर अन्याय होणार नाही. फक्त वय जास्त म्हणून कोणाला वगळू नये. २०२३ मध्ये प्रतीक्षा यादीत नाव नोंदवण्याची पासष्ट वर्षांची अटही काढून टाकली आहे. चिठ्ठी कोणत्या केंद्राला दिली, तिथून उत्तर काय आलं, याची नोंद हवी, नाहीतर आपण झेरॉक्स वाटत बसू. आणि रुग्ण नको म्हणाला, तर त्याचं कारण त्याच्याच शब्दांत लिहावं.

बाकीचे तपशील मी आज देऊ शकत नाही. संध्याकाळच्या बैठकीत चार-पाच जणांनी बसून नमुना तयार करावा. वैद्यकीय महाविद्यालयातल्या तरुण सहकाऱ्यांनी त्यात लक्ष घालावं, संभाजीनगरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीलाही पत्र जावं. एक रकाना मात्र मी सोडणार नाही: प्रत्यारोपणाबद्दल रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला कोणी सांगितलं आणि कोणत्या तारखेला. त्यापुढे सही हवी. डॉक्टर हजर नसेल, तर टेक्निशियनची सही चालेल.