रीत दाखवा
(दहावी १९८४ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजक मंडळींनी मला फोन करून सांगितलं, ‘‘तू इतकी वर्षं विद्यापीठाच्या ग्रंथालयात होतीस. जगात नवीन संशोधन काय चाललंय ते दहा मिनिटांत सांग.’’ आता खरं सांगायचं तर मी एकही शोध लावलेला नाही. शोध ज्यात छापून येतात ती नियतकालिकं मी एकतीस वर्षं कपाटात लावली. गणित तिसऱ्या मजल्यावर, कायदा तळमजल्यावर, वैद्यक मागच्या दालनात. पण लावता लावता चाळायची सवय लागली आणि चाळता चाळता थोडं कळायलाही लागलं. तेवढ्या भांडवलावर आज उभी आहे.

सुरुवात आपल्या वर्गापासून करते. नववीच्या सहामाहीत गणिताच्या पेपरात मला चार गुणांच्या उदाहरणाला एकच गुण मिळाला होता. उत्तर तर बरोबर होतं. मी पेपर घेऊन सरांकडे गेले. सरांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, ‘‘उत्तर बरोबर आहे बाळ, पण रीत कुठंय? रीत दाखवा.’’ सर, आज चाळीस वर्षांनी कबूल करते, ते उत्तर मी पुढच्या बाकावरून बघून लिहिलं होतं. तुम्ही ते तेव्हाच ओळखलं असणार. ओरडला नाहीत, हे तुमचे उपकार.

पुढं ग्रंथालयात जे वाचलं, ते सगळं त्या दोन शब्दांपाशीच येऊन थांबतं.

आधी गणित. आपल्या आठवडी बाजारात मोसंबीची रास कशी रचतात ते आठवा. खालच्या तीन मोसंब्यांच्या मधल्या खळग्यात वरचं एक. यापेक्षा दाटीनं गोल वस्तू रचता येणार नाहीत, असं केप्लरनं १६११ मध्ये लिहिलं. या रचनेत साधारण ७४ टक्के जागा भरते. फळवाल्याला हे ठाऊकच होतं, पण त्याची सिद्धता कुणाला देता येईना. १९९८ मध्ये टॉमस हेल्स या अमेरिकन गणितज्ञानं ती दिली. अडीचशे पानं लेखन आणि वर संगणकानं केलेली प्रचंड आकडेमोड! तपासायला बारा परीक्षक बसले. काही वर्षांनी त्यांनी कळवलं की सिद्धता बरोबर असल्याची आम्हांला ९९ टक्के खात्री आहे, पण पूर्ण तपासणं आमच्या आवाक्यात नाही.

दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. हेल्स झाले नाहीत. उरलेल्या एका टक्क्यासाठी त्यांनी सहकारी जमवले आणि सिद्धतेची एकूण एक पायरी संगणकाला तपासता येईल अशा भाषेत पुन्हा लिहून काढली. ते काम २०१४ मध्ये पुरं झालं. अशा तपासनीस संगणक-प्रणालींचा उपयोग आता गणितात वाढत चालला आहे. त्या प्रणाली सरांसारख्याच आहेत. एक पायरी गाळली की पुढं जाऊ देत नाहीत.

पण संगणकाची दुसरीही एक जात आहे, तुमच्या-आमच्या मोबाईलमध्ये आलेली. प्रश्न विचारा, झरझर उत्तर. ही यंत्रं अफाट मजकूर वाचून, एका शब्दामागं कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, हे शिकलेली असतात. त्यामुळे वाक्य नेहमी ऐटदार येतं, मग आतली माहिती खरी असो की नसो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका खटल्यात वकिलांनी जुन्या निकालांचे दाखले दिले. न्यायाधीशांनी शोधले, तर त्यातले अनेक निकाल कधी लागलेच नव्हते. ते चॅटजीपीटीनं रचलेले होते. गंमत म्हणजे वकिलांनी त्या यंत्रालाच विचारलं होतं, हे खरे आहेत ना? यंत्र म्हणालं, हो. न्यायालयानं ५००० डॉलर दंड केला. पुढं २०२४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी खास वकिलांसाठी विकली जाणारी अशी साधनं तपासली, तर साधारण सहा प्रश्नांमागं एकाचं, काही साधनांत त्याहूनही जास्त प्रश्नांचं उत्तर चुकीचं किंवा बिनबुडाचं निघालं. आमचं उत्तर बघून लिहिलेलं तरी होतं, हे तर मनानंच लिहिलेलं!

आता आपल्या जिल्ह्यातली गोष्ट. आपण शिकत होतो तेव्हा हा परभणी जिल्हा होता, आता हिंगोली आहे. औंढा नागनाथला आपली सहल गेली होती, देवळाच्या पायरीवर बसून आपण दशम्या खाल्ल्या होत्या. त्याच औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा होते आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेली, सुमारे २६०० कोटींची. केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली. दूर कुठंतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशात लहरी उठतात, त्या इथं टिपायच्या आहेत. अंतरात पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो.

अमेरिकेतल्या अशाच वेधशाळांमध्ये सप्टेंबर २०१० मध्ये एक खूण दिसली. शेकडो शास्त्रज्ञ सहा महिने राबले, शोधनिबंध लिहून तयार झाला. मग मार्च २०११ मध्ये सगळ्यांसमोर एक पाकीट उघडलं. आत काय? ती खूण खोटी होती. आपल्याच मोजक्या माणसांनी परीक्षा घेण्यासाठी गुपचूप यंत्रात घातलेली! कुणी रागावलं नाही, कारण ही परीक्षा सगळ्यांनीच आधी मान्य केलेली होती. म्हणून १४ सप्टेंबर २०१५ ला खरी लहर आली तेव्हा पहिला प्रश्न निघाला, ‘‘ही पण आपलीच नाही ना?’’ पाच महिने तपासून, ११ फेब्रुवारी २०१६ ला त्यांनी जगाला सांगितलं. स्वतःलाच फसवून बघायचं आणि आपण फसतो का ते पाहायचं, ही त्यांची रीत.

शेवटी वैद्यक. इथं मला जरा जड जातं. आपल्यातल्या बऱ्याच जणांना माझा दादा आठवत असेल, आपल्याच शाळेचा, दोन वर्षं पुढं, कबड्डीत असायचा. एप्रिल २०२१ मध्ये त्याला करोना झाला. रेमडेसिव्हिर मिळवा, असं जो तो सांगत होता. मी दोन दिवस औषधाच्या रांगेत उभी होते. त्या दोन दिवसांत दादाचा दोनदा फोन आला. पुढचा माणूस सरकत होता, नंबर जाईल म्हणून मी उचलला नाही. म्हटलं, इंजेक्शन घेऊनच बोलू. इंजेक्शन मिळालं. बोलणं राहिलं.

आणि मला माहीत होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष आदल्याच वर्षी आला होता की मृत्यू टाळण्यात या औषधाचा फारसा उपयोग दिसत नाही. तो मी वाचला होता, लोकांना काढून दिला होता. उपयोग कशाचा होतो तेही छापून आलं होतं. इंग्लंडमध्ये ‘रिकव्हरी’ नावाच्या चाचणीत चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्ण दोन गटांत वाटले. २१०४ जणांना डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त औषध दिलं, ४३२१ जणांना नेहमीचे उपचार. जून २०२० मध्ये निकाल आला. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत तीन मृत्यूंमागं एक टळला. दादाला ते औषध डॉक्टरांनी पहिल्या दिवसापासून दिलेलं होतं. पण तिनांत एक टळतो म्हणजे दोन टळत नाहीत. आम्ही त्या दोनांत होतो.

रांगेत उभी राहिले म्हणून मी स्वतःला मूर्ख म्हणत नाही. घरातलं माणूस आत असलं की हातांना काहीतरी करायला हवं असतं. पण जे वाचलं त्यावर विसंबण्याचं धैर्य त्या दिवशी मला झालं असतं, तर मी रांगेत नसते, फोनवर असते.

म्हणून आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटाला एक विनंती. आपण आता साठीच्या घरात आलो. साखर घालवणारा काढा, गुडघ्याचं तेल, ठेव दुप्पट करणारी योजना, रोज काही ना काही येतं. पुढं धाडण्याआधी एकदा विचारा, रीत कुठंय? किती जणांवर बघितलं? कुणाशी तुलना केली? दुसऱ्या कुणी तपासलं का? उत्तर नसेल तर चारपैकी एकच गुण द्या. आणि मीही काही धाडलं, तर मलाही विचारा, वाईट वाटणार नाही.

दुसरी विनंती छोटी आहे. कुणाचा फोन आला तर उचला.

सर, एवढ्या पायऱ्या मी आज लिहून दाखवल्या. ते राहिलेले तीन गुण आता दिलेत तरी चालतील.