सहावी ते आठवीचं विज्ञान : वर्गाकडून काय मागायचं, घरून काय द्यायचं?

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरातला आहे. घरात सहावी, सातवी, आठवीतला भाऊ असेल, बहीण असेल, भाची असेल. आणि आई तुम्हालाच म्हणत असेल, "हिचं विज्ञान जरा बघ ना, आम्हाला नाही कळत." मी याच तीन वर्गांना विज्ञान शिकवते. त्यामुळे आज सरळ मुद्द्यावर येते : विज्ञानाच्या तासाकडून घरच्यांनी कसली अपेक्षा ठेवायची आणि कसली नाही?

ही तीन वर्षं का महत्त्वाची? आपल्याकडे पाचवीपर्यंत परिसर अभ्यास असतो. सहावीत 'सामान्य विज्ञान' हा स्वतंत्र विषय येतो. नववीपासून तेच 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' होतं आणि वजनदार होतं. मधल्या तीन वर्षांत मूल मनाशी ठरवून टाकतं, की विज्ञान समजून घ्यायची गोष्ट आहे की पाठ करायची. "मला सायन्स जमत नाही" हे आपल्याला दहावीत ऐकू येतं, पण ते ठरलेलं असतं सातवी-आठवीतच.

तर पहिली अपेक्षा : हाताने करणं. बालभारतीचं पुस्तक उघडा, त्यात जागोजागी 'करून पहा' अशी चौकट दिसेल. त्यातल्या बऱ्याच गोष्टींना महागडी प्रयोगशाळा लागत नाही. चुंबक, टाचण्या, फुगा, मेणबत्ती, पाणी, एवढ्यावर भागतं. आता खरं सांगते, एका वर्गात पन्नास-साठ मुलं आणि तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा, तेव्हा रोज प्रयोग होणार नाही. तो हट्ट धरू नका. पण वर्षभरात मुलाने एकदाही स्वतःच्या हाताने काही केलंच नाही, 'करून पहा' फक्त वाचून दाखवलं गेलं, तर विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

दुसरी अपेक्षा : वही. सुंदर अक्षर, लाल शाईचे मथळे, सगळ्या वर्गाची उत्तरं शब्दन् शब्द सारखी. अशी वही बघून घरचे खूश होतात. मी उलट सांगेन, वहीत मुलाचं स्वतःचं एक तरी वाक्य शोधा. "मला वाटलं होतं बुडेल, पण तरंगलं." हे वाक्य दहा पाठ केलेल्या व्याख्यांपेक्षा भारी आहे.

तिसरी गोष्ट भाषेची. सेमी-इंग्रजीत विज्ञान इंग्रजीतून असतं. मूल 'फोटोसिंथेसिस'ची व्याख्या धडाधड म्हणतं आणि घरचे गप्प होतात. गप्प होऊ नका. म्हणा, "छान! आता हेच आजीला समजेल असं मराठीत सांग." सांगता आलं, तर समजलंय. अडखळलं, तर रागवायचं नाही, नेमकं कुठे अडखळलं तेवढं शाळेत विचारायला सांगायचं.

आता प्रोजेक्ट. दुकानातून तयार ज्वालामुखी आणायचा, रात्री दादाने चिकटवायचा, सकाळी धाकट्याने मिरवायचा. यातून धाकटा काय शिकला? त्यापेक्षा स्वयंपाकघरात चला. तीन सारख्या वाट्या घ्या. तिन्हींत तेवढंच कोमट दूध, तेवढंच विरजण. एक वाटी फ्रीजमध्ये, एक ओट्यावर, एक जाड टॉवेलात गुंडाळून. दर दोन तासांनी बघायचं आणि लिहायचं. दूध तेच, विरजण तेच, बदललं फक्त तापमान. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगाचा पाया मूल इथे शिकतं. फ्रीजमधलं दूध मागे पडतं, कारण थंडीत विरजणातले जिवाणू मंदावतात. आणि आजी थंडीच्या दिवसांत दह्याचं भांडं का गुंडाळून ठेवते, तेही कळतं. आजीला 'जिवाणू' हा शब्द माहीत नसेल, पण निरीक्षण तिचंच आहे. अशा घरात "आम्हाला विज्ञान कळत नाही" असं कोणी म्हणू नये.

एक मात्र पक्कं : विजेचे प्रयोग फक्त टॉर्चच्या सेलवर. घरातल्या प्लगला हात नाही.

पालकसभेला आई-बाबांना वेळ नसेल तर तुम्ही जा. "मार्क किती?" हा प्रश्न सगळेच विचारतात. तुम्ही तीन वेगळे विचारा. या सत्रात मुलांनी स्वतः कोणते प्रयोग केले? आमची मुलगी वर्गात प्रश्न विचारते का? आणि प्रयोगाच्या वेळी साहित्य तिच्या हातात येतं, की ती नुसती लिहून घेते? हा तिसरा प्रश्न नक्की विचारा. गटात पुढची दोन मुलं सगळं हाताळतात आणि मागच्या मुली आकृती काढत बसतात, हे मी खूपदा बघितलंय.

आणि शिक्षक कधी म्हणाले, "मला आत्ता सांगता येत नाही, उद्या शोधून सांगते," तर ते कच्चे आहेत असं समजू नका. मुलांना विज्ञान असंच चालतं हे त्यातूनच कळतं. फक्त तो 'उद्या' खरंच यायला हवा!

बालभारतीची पुस्तकं त्यांच्या वेबसाइटवर पीडीएफमध्ये मोफत आहेत. आज रात्री एक धडा मोबाइलवर उघडा, त्यातलं एक 'करून पहा' निवडा आणि धाकट्यासोबत करा. उत्तर तुम्ही आधी सांगायचं नाही, एवढीच अट.

चला, भेटू पुढच्या भागात!