सहा ऋतूंची शाळा : नूंगार मुलूख, त्याच्या खाद्यवनस्पती आणि शिक्षण

ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, म्हणजे पर्थ शहर आणि त्याच्या भोवतालच्या विस्तीर्ण प्रदेशात, नूंगार हे आदिवासी लोक हजारो वर्षांपासून राहत आले असून त्यांच्या वर्षाचे सहा ऋतू आहेत : बिराक, बुनुरू, जेरान, मकुरू, जिल्बा आणि कंबारांग. 1829 मध्ये तेथे ब्रिटिश वसाहत उभी राहिली, तिच्याबरोबर युरोपातील चार ऋतूही आले, आणि पुढे शाळांतून तेच शिकवले गेले. आता त्या प्रदेशातील अनेक शाळांत मुले पुन्हा सहा ऋतू शिकू लागली आहेत, आणि आदिवासींचा इतिहास व संस्कृती सर्व विषयांच्या अध्यापनात यावी, अशी अपेक्षा ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमानेही ठेवली आहे.

षड्ऋतूंची परंपरा असलेल्या मराठी वाचकाला सहा हा आकडा परिचित वाटेल. परंतु मृग नक्षत्र पंचांगात ठरलेल्या दिवशी लागते, मग पाऊस येवो वा न येवो, तर नूंगार ऋतू खुणा दिसल्यावरच लागतो. डिसेंबर-जानेवारी म्हणजे बिराक, फेब्रुवारी-मार्च म्हणजे बुनुरू, असे महिने तक्त्यात लिहिले जातात ते केवळ सोयीसाठी. रात्री थंडावून पहाटे दव पडू लागले आणि पंखांच्या मुंग्या उडू लागल्या, की बुनुरूचा कडक उन्हाळा सरून जेरान आला असे समजावे. मूजार हे झाड नारिंगी-पिवळ्या फुलांनी भरून गेले, की बिराकचा उकाडा जवळ आला. त्यामुळे नुसता तक्ता पाठ करून घेतला, तर मुलांना सहा नवी नावे तेवढी कळतात. शिकायचे असते ते एकाच जागी वर्षभर पुन:पुन्हा जाऊन पाहणे आणि पाहिलेले नोंदवणे.

खाद्यवनस्पतींचा अभ्यास या पाहण्यापासून वेगळा काढता येत नाही. क्वांडोंग हे आंबट लाल फळ चंदनाच्या प्रजातीतील झाडाचे, तर वारान हा नूंगारांचा पिठूळ कंद कोनफळ व करांदा यांच्या प्रजातीतील आहे. 1839 मध्ये जॉर्ज ग्रे या इंग्रज प्रवाशाने पर्थच्या उत्तरेस वारान खणलेल्या जमिनीचे एवढे मोठे पट्टे पाहिले, की खड्ड्यांमुळे तेथून चालणे अवघड झाले होते. सर्वांत बोधक उदाहरण मात्र झामियाचे. सायकॅड या प्राचीन गटातील ही वनस्पती ताडासारखी दिसते, बुनुरूत तिच्या मादी-झाडाचे शंकू पिकू लागतात आणि लाल सालीची बीजे दिसू लागतात, पण ही बीजे विषारी असतात. 1697 च्या जानेवारीत डच दर्यावर्दी विलेम द व्लामिंग याच्या खलाशांनी ती तशीच खाल्ली आणि ते आजारी पडले. नूंगार लोक मात्र बीजावरील लाल आवरण पाण्यात भिजवून किंवा जमिनीत पुरून, त्यातील विष घालवून मगच खात असत. अन्न कोणते, याइतकेच ते केव्हा गोळा करावे आणि कसे सिद्ध करावे हेही ज्ञान होते, आणि ते वडीलधाऱ्यांकडून मुलांकडे जात होते.

हा दुवा आपोआप क्षीण झाला नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या 1905 च्या कायद्याने सोळा वर्षांखालील आदिवासी मुलांचे कायदेशीर पालकत्व एका सरकारी अधिकाऱ्याकडे दिले, अनेक मुले आईवडिलांपासून तोडून सरकारी वसाहतींत व मिशनांत ठेवली गेली, आणि 1927 ते 1954 या काळात पर्थचा मध्यभाग आदिवासींसाठी निषिद्ध क्षेत्र होता. ज्या सत्तेने आजीला नातवंडापासून दूर केले, तिच्याच शाळांत आजीचे ज्ञान आता शिकवले जात असेल, तर ते शिकवण्याचा पहिला अधिकार नूंगार वडीलधाऱ्यांचाच मानला पाहिजे, आणि वर्गात काय सांगावे व काय सांगू नये हेही त्यांनीच ठरवले पाहिजे. शाळेच्या आवारात देशी झाडांचा वाफा लावणे चांगलेच. पण त्या झाडांविषयी बोलणारे नूंगार माणूस शाळेत नसेल, तर तो वाफा पुरेसा म्हणता येणार नाही.

1970 च्या दशकापासून या प्रदेशातील मकुरूचा, म्हणजे थंडी-पावसाच्या ऋतूचा पाऊस लक्षणीय घटला आहे. त्यामुळे मुलांच्या वह्यांतील खुणा आणि तक्त्यातील महिने जुळतात की नाही, हे दरवर्षी नव्याने पडताळण्याचे काम या वर्गांपुढे आहे.