ओझरहून दिल्ली किती लांब?

नाशिकहून मुंबई किती लांब, असं आपल्याकडे कुणाला विचारलं, तर उत्तर किलोमीटरमध्ये येत नाही. ‘चार तास’ असं येतं आणि लगेच पुस्ती जोडली जाते, ‘कसाऱ्याचा घाट मोकळा असला तर!’ सरळ रेषेत मोजलं, तर हे अंतर जेमतेम १४० किलोमीटर भरतं. रेल्वेचे रूळ मात्र वळसे घेत १८७ किलोमीटर जातात. विमानाला घाट आडवा येत नाही, तेव्हा ते चुटकीसरशी पोचवणार, असा आपला समज.

डिसेंबर २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेखाली ओझर-मुंबई अशी एकोणीस आसनी विमानाची सेवा सुरू झाली. हवेत पाऊण तासाहून कमी वेळ. पण ओझर शहरापासून वीस किलोमीटर, तिथं तासभर आधी पोचायचं, मुंबईत उतरून पुन्हा टॅक्सी शोधायची. घर ते घर हिशेब केला, तर पंचवटी एक्स्प्रेसचा प्रवासी फारसा मागे राहत नव्हता. ती सेवा टिकली नाही. लंडन-पॅरिसची गोष्ट याच जातीची. हवाई अंतर सुमारे ३४० किलोमीटर, उड्डाण सव्वा तासाचं. तरी समुद्राखालच्या बोगद्यातून सव्वादोन तासांत जाणारी रेल्वे पुष्कळांना सोयीची वाटते. ती थेट शहराच्या मध्यात नेऊन सोडते.

दिल्लीचं गणित वेगळं. ओझर ते दिल्ली हवाई अंतर साधारण हजार किलोमीटर. ताशी आठशेच्या वेगानं सव्वा तास पुरावा, पण वेळापत्रक दोन तासांच्या आसपास सांगतं. धावपट्टीपर्यंत रांगणं, वर चढणं, दिल्लीच्या आकाशात उतरायच्या परवानगीसाठी घिरट्या, हे सगळं त्यात आलं. वाऱ्याचाही वाटा असतो. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, म्हणून मुंबईहून लंडनला जाताना परतीच्या प्रवासापेक्षा तासभर अधिक लागतो. अंतर तेच, वेळ निराळा.

हे सारं पुस्तकी ज्ञान माझ्या कामी आलं नाही, त्या रात्रीचं सांगतो. दिल्लीत राहणारी माझी थोरली बहीण वारली. फोन आला तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. आमच्यात मयत फार वेळ ठेवत नाहीत. दुसऱ्या दिवशी जोहरच्या नमाजनंतर दफन ठरलं होतं. ओझरचं त्या दिवशीचं विमान निघून गेलेलं, पुढचं थेट दुसऱ्या दिवशी, दफन उरकल्यावर पोचणारं. म्हणजे दोन तासांवरची दिल्ली माझ्यासाठी जवळजवळ दिवसभर लांब गेली होती. वेळापत्रकात उड्डाणाचे तास छापतात, दोन उड्डाणांमधले तास कुणी अंतरात धरत नाही. लहान गावांचं खरं अंतर तिथंच वाढतं.

शेजारच्या पोरानं गाडी काढली. अकराला निघालो, तीनला मुंबई विमानतळ. सहाचं विमान मिळालं. साडेनऊला बहिणीच्या दारात उभा होतो.

‘‘मामू, नाशिकहून इतक्या लवकर?’’ भाच्यानं विचारलं.

‘‘मुंबईवरून आलो, बेटा,’’ मी म्हणालो आणि आत गेलो.