कळपाचें बेणें कोणाच्या हातीं ?



आज आम्ही मेंढरांविषयीं बोलणार आहों. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यांत सरकारनें परमुलुखांतून उत्तम शेळ्यामेंढ्यांचें बेणें आणून येथें वाढवावें, म्हणजे शेताला लेंडीखत व कुणब्याला लोंकर मिळेल, अशी सूचना केली होती. ती रास्तच होती. पण आपल्या दारचें बेणें आपण आपल्याच हातानें घालवीत आहों, त्याचें काय ?

नगर, सातारा, सोलापूर, सांगलीच्या कोरड्या माळांवर जगणारी आपली काळी दख्खनी मेंढी पाहा. कोसच्या कोस चालते, कुसळांवर निभावते, आणि तिच्या भरड लोंकरीवर सनगराचा माग चालतो. ही मेंढी बिघडते कशी ? ईद जवळ आली कीं व्यापारी वाड्यावर येतो. त्याचा हात सरळ सगळ्यांत थोराड नर कोकरावर पडतो. तें जातें. मागें राहतें तें कोणीं न घेतलेलें किरटें, आणि पुढें तेंच कळपाचा मेंढा होतें ! जोंधळ्याचीं टपोरीं कणसें बियाण्याला बाजूस काढून ठेवणारी आपली माउली असा व्यवहार कधीं करील काय ?

दुसरी गोष्ट. लोंकरीचा भाव पडला म्हणून पुष्कळांनीं दक्षिणेकडचे तांबडे, केसाळ मेंढे कळपांत घातले. मांसासाठीं संकर करणाऱ्याला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. पोट सर्वांनाच आहे. पण तीं कोकरें बाजाराला जाऊं द्यावीं. त्यांतला नर पैदाशीला ठेवला तर त्याची प्रजा दहा तऱ्हेची निघते. निवडक काळ्या मेंढ्यांना मेंढा काळाच असावा.

'शुद्ध' हा शब्द ऐकून कोणी हंसेल. जन्मावरून माणसाची किंमत करणाऱ्यांशीं आमचें भांडण जुनें आहे व तें चालूच राहील. मेंढरांत शुद्ध म्हणजे इतकेंच कीं, आईबापांत जे गुण दिसले ते पिलांत येतील असा भरंवसा. कुळी कितीही चांगली असो, मेंढा लंगडा वा नाकाम निघाला तर त्याला रजा द्यावी.

नर निवडावा तो आईकडे पाहून. जी मेंढी दरवेतीं वेळेवर विते, जिचें दूध कोकराला पुरतें, तिचा नर घ्यावा. तीन महिन्यांचा झाल्यावर तो कांट्यावर तोलावा. दोन्ही अंड सारखे व घट्ट, पाय सरळ, खालचे दांत वरच्या हिरडीला नीट टेकणारे असावे. बाकीचे नर चार महिन्यांच्या आंत खच्ची करावे किंवा वेगळे बांधावे. नाहीं तर ते आयाबहिणींवरच चढतात.

पुऱ्या वयाच्या एका मेंढ्याला पंचवीस-तीस मेंढ्या पुष्कळ झाल्या. त्याच्या छातीला तेलांत कालवलेला गेरू लावावा, म्हणजे कोणती मेंढी फळली तें पाठीवर दिसतें. सतरा दिवसांनीं रंग बदलावा. त्याच मेंढीवर नवा रंग उमटला तर ती पहिल्या खेपेस राहिली नव्हती. राहिलेली मेंढी सुमारें दीडशें दिवसांनीं विते. शेवटचा दीड महिना तिला पेंड-भरडा द्या. कोकराला पहिल्या तासांत चीक पाजावा, नाळेला आयोडीन लावावें. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वीं, पी. पी. आर. ची डॉक्टर सांगतील तेव्हां. दलदलीच्या कडेचें गवत मात्र चारूं नका, तेथल्या गोगलगाईंपासून यकृतांत जंत होतो.

आतां मुख्य अडचण. २०१७ साली निघालेल्या महामेष योजनेंत वीस मेंढ्या व एक मेंढा असा गट ठरविला गेला. बरें झालें. पण त्या मेंढ्याच्या लेकी दोन वर्षांत माजावर येतात. तोच मेंढा राहिला तर बापलेकीचा संबंध होऊन पिलें दुबळीं निघतात, मेंढ्या भाकड पडतात. मेंढा बदलावाच लागतो. आणि गरिबानें दुसरा आणावा कोठून? थोराड नर तरी त्यानें कर्ज अंगावर असतां कसा राखावा ?

आमचें म्हणणें, पांच घरांनीं एकत्र यावें. सर्वांनीं थोडथोडी वर्गणी काढून, व्यापारी जो भाव देईल तोच त्या नराच्या मालकाला रोख द्यावा. मग पहिल्याचा नर दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे, पांचव्याचा पहिल्याकडे. दर दोन वर्षांनीं नवे नर त्याच दिशेनें पुढें जावे, उलट फिरवूं नयेत. आलेला नर एकवीस दिवस वेगळा बांधावा, त्याची लेंडी तपासून घ्यावी, मगच कळपांत सोडावा.

हें चालायचें तर वही पाहिजे. कोणती मेंढी केव्हां व्याली, कोणत्या नरापासून, कोकराचें वजन किती. कानांत बिल्ला घातला कीं नांव लिहायला अडचण नाहीं. वही व्यापाऱ्याच्या कारकुनाकडे देऊं नका. घरांत शाळेंत जाणारी पोर आहे ना ? तिच्या हातीं द्या, आणि महिन्यांतून एकदां पांचही घरांसमोर मोठ्यानें वाचायला सांगा.