दात आणि हात

इंग्रजीतील ‘एलिफंट’ हा शब्द ग्रीक ‘एलेफास’पासून आला. होमरच्या काव्यात त्याचा अर्थ हस्तिदंत एवढाच आहे. ग्रीकांकडे व्यापारातून दात आधी पोहोचला. सजीव प्राण्याशी त्यांच्या फौजेची गाठ पुष्कळ पुढे, सिकंदराच्या स्वारीत पडली.

आपला ‘हत्ती’ मात्र संस्कृत ‘हस्तिन्’ म्हणजे ‘हात असलेला’ यावरून आला. सोंड जवळून पाहणाऱ्यांनीच हे नाव ठेवले असणार. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘ओंकार’ हत्ती दोडामार्गाकडून पेडणे तालुक्यात उतरला, तेव्हा तोरसे, तांबोसे येथील शेतकऱ्यांनी तोच हात भातशेतीत फिरताना पाहिला. उभे पीक गेलेल्यास व्युत्पत्तीचे कौतुक कोठून असणार? परंतु हा हात वासही घेतो. पिकत्या भाताचा गंध त्यास दुरून कळतो. यास्तव रात्री राखणीस एकट्याने जाऊ नये, दगड मारू नयेत, वन खात्यास तत्काळ कळवावे.