पुण्याची दुपार आणि लीप सेकंद

नारायण पेठेत, केसरीवाड्याच्या अंगणात, घड्याळात बारा वाजले तरी सूर्य माथ्यावर आलेला नसतो. प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची. पुण्याची सौरवेळ सरासरी ३५ मिनिटं मागे.

१९०६ मध्ये प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबईने स्वतःची ३९ मिनिटं मागची वेळ १९५५ पर्यंत जपली!

आता प्रश्न सेकंदाचा आहे. पृथ्वीची गती अनियमित, अणुघड्याळं काटेकोर. मेळ राखायला १९७२ पासून २७ लीप सेकंद घातले गेले. शेवटचा भारतात १ जानेवारी २०१७ च्या पहाटे आला: ५ वाजून २९ मिनिटं ६० सेकंद. संगणकांची त्याने तारांबळ उडते, म्हणून २०३५ पर्यंत पृथ्वी आणि अणुघड्याळांमधल्या फरकाची मर्यादा वाढवण्याचं २०२२ मध्ये ठरलं.

निर्णय योग्यच. अर्धा तास पचवणाऱ्या पुणेकरांना सेकंद जाणवणारही नाहीत. दुर्बीण रोखणाऱ्यांना मात्र हिशेब चुकवता येणार नाही.